गच्चीच्या दारातून उतरणारे पाणी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरातील आमची जुनी इमारत पाडून तिच्या जागी एकवीस मजल्यांची नवी इमारत उभी राहिली आणि तिचा ताबा मिळून आता दोन पावसाळे उलटले. पहिल्याच जून महिन्यात एका रात्री गच्चीच्या दारातून पाणी आत शिरले, जिन्यावरून पायरी पायरीने उतरत अठराव्या मजल्यापर्यंत आले आणि वाटेत लिफ्टच्या पोकळीत झिरपल्यामुळे दोन्ही लिफ्ट बंद पडल्या. रहिवाशांनी पावसाला बोल लावला, तर विकासकाच्या माणसाने पाइपाच्या जाळीवर साचलेल्या पानांना. मी एकतीस वर्षे निरनिराळ्या ठेकेदारांकडे साइट सुपरवायझर म्हणून काम करून निवृत्त झालेलो असल्याने टॉर्च घेऊन वर गेलो. दाराच्या चौकटीकडे एकदा पाहिल्यावर पाने निर्दोष आहेत हे समजायला वेळ लागला नाही.

नकाशात गच्चीची म्हणून जी पातळी लिहिलेली होती ती उघड्या स्लॅबची होती आणि चौकट त्याच पातळीवर बसवली गेली. त्यानंतर वॉटरप्रूफिंगवाल्याने येऊन विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला आणि वर फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझेक केले. पाणी पाइपाकडे वाहून जावे म्हणून कोब्याला ढाळ द्यावा लागतो. ढाळाची उंच बाजू नेमकी दाराकडे आल्याने तिथे कोब्याची जाडी सहा इंचांच्या आसपास झाली, म्हणजेच बाहेरची गच्ची आतल्या जिन्याहून वर गेली. यात कोणा एकाने काम बिघडवले असे म्हणता येत नाही. सुताराने नकाशाबरहुकूम चौकट लावली, कोबावाल्याने रीतसर ढाळ दिला, फक्त त्या दोघांचे आकडे एका कागदावर मांडून पाहणारा माणूस तिथे नव्हता. आता उपाय म्हणून दारात नऊ इंचांचा उंबरा घातला आहे आणि पाण्याची टाकी पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाला पाय आणि डोके एकाच वेळी सांभाळावे लागते.

अशा गोष्टींकडे लोक विनोद म्हणून पाहतात, छायाचित्रे काढून एकमेकांना पाठवतात आणि ‘इंजिनियर कोण होता’ असे विचारून मोकळे होतात. माझा अनुभव असा की इंजिनियर बहुधा हुशार असतो. न समजणाऱ्या या चुकांच्या मागे जवळजवळ नेहमीच कोणाची तरी सोय किंवा बचत असते, आणि ती ज्याची असते तो त्या घरात राहायला येणार नसतो. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की मुंबईत सध्या गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे, आणि आपल्या दैनिकाच्या वाचकांपैकी अनेक जण येत्या दोन-चार वर्षांत अशाच एखाद्या नव्या घराची किल्ली हातात घेणार आहेत.

आमच्याच इमारतीचे आणखी एक उदाहरण देतो. खालच्या सात मजल्यांवर आम्हा जुन्या सभासदांची घरे आहेत आणि त्यावरच्या मजल्यांवर विकासकाने बाहेर विकलेली मोठी घरे आहेत. दोन्हींची मांडणी वेगळी असल्यामुळे आठव्या मजल्यावरील शौचालय माझ्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर आले आहे. खाली दुसऱ्याच्या घरात न्हाणीघर असते तेव्हा वरची थोडीफार गळती पोटात घातली जाते. इथे मात्र पहिला थेंब पोळपाटावर पडला, आणि तो कुठल्या पाण्याचा होता हे लिहिण्याची गरज नाही. अशा ठिकाणी दोन मांडण्यांच्या मध्ये पाइप वळवण्यासाठी वेगळा सेवा मजला ठेवावा लागतो. तो ठेवला असता तर उंचीच्या मर्यादेत विक्रीचा एक मजला कमी झाला असता.

आता त्या गळतीविषयी. शौचालयाचा स्लॅब मुद्दाम खोलगट ओततात, त्यात पाइप आणि फरशीवरचे पाणी वाहून नेणारा न्हाणी ट्रॅप बसवून विटांच्या तुकड्यांनी भराव करतात आणि वर लादी लावतात. लादी लागण्यापूर्वी तो खोलगट भाग पाण्याने भरून दोन-तीन दिवस तसाच ठेवायचा आणि खालून ओल येते का ते पाहायचे, ही चाचणी कुठलाही जुना मिस्त्री सांगेल. तिला खर्च नसतो, पण ती त्या मजल्याचे काम तीन दिवस अडवून धरते. आमच्या इमारतीच्या नोंदवहीत ही चाचणी झाल्याची नोंद आहे. नोंदीप्रमाणे एकाच दिवशी अकरा मजल्यांवर ती पार पडली, आणि तेवढे पाणी वर चढवणारा पंप त्या महिन्यात साइटवर आलेलाच नव्हता. एकदा लादी लागली की भरावात पाणी साचत राहते आणि ते ज्या ठिकाणी खाली उतरते ते मूळ गळतीचे ठिकाण असतेच असे नाही. मग तक्रार केल्यावर विकासकाचा माणूस येतो, लाद्यांच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरतो आणि दोन्ही अर्थांनी चुना लावून जातो.

विजेच्या बटणांची कथा त्यामानाने किरकोळ आहे, पण शिकवणारी आहे. आमच्या शयनगृहातील दिव्याचे बटण उघड्या दाराच्या मागे येते, त्यामुळे दिवा लावण्यासाठी आधी आत जाऊन दार लोटावे लागते. मूळ नकाशात दार दुसऱ्या बाजूला उघडत होते. पाइपांच्या डक्टसाठी भिंत सरकली, दाराची बाजू बदलली आणि विजेचा नकाशा मात्र जुनाच राहिला. पूर्वी वीटकामात अशी चूक झाली की इलेक्ट्रिशियन भिंतीत नवी झिरी पाडून बटण हलवीत असे. हल्ली अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात, विजेच्या नळ्या आणि डबे आधीच सळयांना बांधलेले असतात आणि तोच साचा जसाच्या तसा वरच्या मजल्यावर चढतो. मजल्यावर सहा घरे, असे सात मजले, म्हणून एका विसरलेल्या दुरुस्तीची ४२ बटणे झाली. पद्धत वेगवान आहे, एरवी चांगलीही आहे, पण पहिला मजला ओतल्यावर दोन दिवस थांबून तो कोणीतरी राहून पाहिल्यासारखा फिरून पाहायला हवा, आणि त्या दोन दिवसांवर कोणी पैसे खर्च करत नाही.

मुंबईतील घरांचे विचित्र आकार समजून घ्यायचे असतील तर एफएसआयचा, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येईल हे ठरवणाऱ्या चटई क्षेत्र निर्देशांकाचा, इतिहास पाहावा लागतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या काळात फ्लॉवर बेड, कोनाडे, पोकळ्या अशा अनेक जागा चटई क्षेत्रात धरल्या जात नसत. साहजिकच प्रत्येक खिडकीबाहेर भलामोठा फ्लॉवर बेड येऊ लागला, ज्यात एकही फूल उगवले नाही. खरेदीदाराला तो घराच्या क्षेत्रफळात धरून विकला जाई आणि ताबा मिळाल्यावर मधली भिंत तोडून तो खोलीत घेतला जाई. मातीचा आणि कुंड्यांचा विचार करून केलेल्या, बाहेर लोंबणाऱ्या त्या स्लॅबवर मग पलंग आणि कपाटे आली, आणि खोलीची बाहेरची भिंत काढून टाकल्याने पावसाचे पाणी थेट फरशीखाली शिरू लागले. अखेर जानेवारी २०१२ मध्ये नियमावली बदलून या जागा चटई क्षेत्रात धरल्या गेल्या आणि त्याच्या भरपाईसाठी निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे तेवढ्या जादा बांधकामाची मुभा, देण्यात आला. तोपर्यंत बांधल्या गेलेल्या शेकडो इमारती आजही उपनगरांत उभ्या आहेत. एखाद्या घराची खिडकीजवळची फरशी दोन इंच वर असेल, तर तिथे पूर्वी बाग असणार होती असे खुशाल समजावे.

खिडकीचाच विषय निघाला म्हणून लिहितो. ज्या शहरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येकडून तिरपा झोडपतो, तिथे खिडकीवरचा छज्जा ही शोभेची वस्तू नव्हे. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलभोवतीच्या ज्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांच्या खिडक्यांवर भुवयांसारखे आडवे छज्जे आहेत आणि ते ऊन-पाऊस दोन्ही अडवतात. आमच्या नव्या इमारतीचा दर्शनी भाग मात्र इस्त्री केल्यासारखा सपाट आहे. त्यात सरकत्या काचेच्या खिडक्या बसवल्या आहेत, ज्यांचा कोणत्याही वेळी निम्माच भाग उघडतो, म्हणजे वारा अर्धा मिळतो आणि पाऊस मात्र खालच्या पट्टीतून पुरता आत येतो. त्या पट्टीला पाणी बाहेर जाण्यासाठी भोके पाडलेली असतात. आमच्याकडे ती रंगकाम करणाऱ्याने पुट्टीने बुजवली. एसीचे यंत्र बाहेर कुठे ठेवायचे याचाही विचार झालेला नसल्याने प्रत्येकाने आपापल्या सोयीने भिंतीत भोक पाडून लोखंडी कंस ठोकले आहेत, आणि त्या प्रत्येक भोकाखाली ओलीचा एक काळा ओघळ आहे.

माझ्या तक्रारी मध्यमवर्गीय आहेत याची मला जाणीव आहे. गोवंडी-मानखुर्द परिसरातील नटवर पारेख कंपाऊंड आणि लल्लूभाई कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधले अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे लावावे लागतात. घरांची अशी दाटी, ऊन-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध २०१८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दाखवून देण्यात आला. तिथे काँक्रीट उत्तम असते आणि प्रत्येक नळ ठणठणीत असता तरीही ती घरे सदोषच ठरली असती, कारण दोष त्या तीन मीटरमध्ये आहे, आणि ते तीन मीटर कोणाच्या हातून चुकून राहिलेले नाहीत, नियमात सवलत देऊन मंजूर केलेले आहेत. मुंबईतील सर्वांत गंभीर रचनादोष मला विचाराल तर हाच आहे.

काँक्रीटविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ते दिसत नाही. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे खांबातील मुख्य सळईवर किमान ४० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे. ते राखण्यासाठी सळई आणि साचा यांच्यामध्ये कव्हर ब्लॉक ठेवतात. हा अगदी स्वस्त तुकडा असतो, आणि तो संपला म्हणून त्याऐवजी खडीचा दगड किंवा लादीचा तुकडा सरकवलेला मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा पाहिला आहे की त्याची मोजदाद ठेवली नाही. काँक्रीट ओतताना दगड हलतो, सळई साच्याला टेकते आणि आवरण ४० ऐवजी १० मिलिमीटर उरते. समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत गंज तिथून सुरू होतो, गंजलेले लोखंड मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेते आणि आतूनच काँक्रीट फोडून काढते. जुन्या उपनगरी इमारतींच्या छताचे पोपडे पडतात ते यामुळेच, आणि पूर्वी नीट न धुता वापरलेल्या खाडीच्या रेतीतील मिठाने त्यात भर घातली. याउलट ब्रिटिश काळात बांधलेल्या बीडीडी चाळींचे काँक्रीट शंभर वर्षे उभे राहिले. १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि सामाईक शौचालये यांचा गौरव करण्याचा माझा हेतू नाही, पण भिंतीत खिळा ठोकताना लोक घामाघूम होत असत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरी पळवाट पाण्याची आहे. तयार काँक्रीटची गाडी पूर्व द्रुतगती महामार्गावर तासभर अडकली की आतला माल घट्ट होऊ लागतो आणि पंपातून चढेनासा होतो. योग्य मार्ग म्हणजे प्रयोगशाळेने ठरवून दिलेले रसायन मिसळणे किंवा गाडी परत पाठवणे; प्रत्यक्षात चालक मागच्या बाजूला चढून पाण्याचा पाइप सोडतो. माल सुरेख वाहू लागतो, सर्वांची सुटका होते आणि त्या स्लॅबची ताकद तिथेच घटते. ताकदीच्या चाचणीसाठीचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुना ठोकळे, मात्र पाणी घालण्यापूर्वीच भरून घेतलेले असतात, त्यामुळे अठ्ठाविसाव्या दिवशीचा अहवाल निर्दोष येतो. राहता राहिले पाणी मारणे. साध्या सिमेंटला किमान सात आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवावे लागते. जे पाणी मालात नको तिथे मुबलक असते ते इथे टँकरच्या दराने महाग होते.

साहेब, न्याय्य लिहायचे तर आम्हा रहिवाशांचाही हिशेब मांडला पाहिजे. सप्टेंबर २०१३ मध्ये डॉकयार्ड रोडजवळ महापालिका कर्मचाऱ्यांची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ माणसे गेली. ती इमारत चाळीस वर्षांचीही नव्हती. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची साईदर्शन इमारत पडून १७ जण मृत्यू पावले. दोन्ही ठिकाणी तळमजल्यावर परस्पर केलेल्या फेरफारांकडे बोट दाखवले गेले. आमच्या नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून सहा महिन्यांत पाच घरांत भिंती तोडण्याचे काम सुरू झाले होते. साच्यात ओतलेल्या इमारतीत ती भिंत म्हणजेच खांब असते हे सांगायला मी गेलो, तेव्हा त्यातील एकाने मला ‘काका, आम्ही आर्किटेक्टला विचारले आहे’ असे ऐकवले. तो आर्किटेक्ट अंतर्गत सजावट करणारा होता. त्याच्याकडे इमारतीच्या संरचनेचा नकाशा नव्हता, कारण तो सोसायटीकडेही नाही.

या सगळ्यावर देखरेख नाही असे कोणी म्हणणार नाही. कागदावर ती भरपूर आहे. पुनर्विकासासाठी शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ अ खाली ४ जुलै २०१९ रोजी काढलेल्या निर्णयाप्रमाणे संस्थेने स्वतःचा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमायचा असतो. आम्हीही नेमला. त्याचे मानधन करारानुसार विकासकाने द्यायचे होते, आणि ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हातून धनादेश घेणाऱ्याची नजर कितपत रोखलेली राहील हे सांगायला नको. सल्लागाराचा प्रतिनिधी दर शनिवारी येई, साइटच्या कार्यालयात चहा घेई आणि आठवड्याच्या अहवालावर सही करून जाई. चार वर्षांत तो गच्चीवर किती वेळा चढला हे मी विचारले, तेव्हा लिफ्ट उशिरा सुरू झाल्याचे उत्तर मिळाले.

स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे ‘रेरा’च्या, कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेतील किंवा कामातील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. तरतूद चांगली आहे आणि तिचा वापर सर्वांनी केला पाहिजे. आमची तक्रारही दाखल आहे. मात्र दोष कुठून आला हे सिद्ध करायला जो कागद लागतो तोच घर घेणाऱ्याजवळ नसतो. मंजूर नकाशे मागण्याचा हक्क कलम १९ देते, पण मंजूर नकाशा म्हणजे जे बांधायचे ठरले होते ते. प्रत्यक्षात कोणता पाइप कुठून गेला, कोणत्या खांबात किती सळई पडली, हे दाखवणारा नकाशा वेगळा असतो आणि तो बहुतेक ठिकाणी काढलाच जात नाही.

म्हणून माझी महापालिकेला आणि गृहनिर्माण विभागाला विनंती अशी की भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे काढलेले संरचना, नळ आणि वीज यांचे नकाशे सोसायटीच्या हवाली झाल्याची पावती मागावी. शौचालयांची आणि गच्चीची पाणी भरून करायची चाचणी सभासदांपैकी किमान दोघांच्या समोर, लादी लागण्याच्या आत व्हावी आणि तिची नोंद त्यांच्या सहीशिवाय ग्राह्य धरू नये. सल्लागाराचे मानधन विकासकाने सोसायटीच्या वेगळ्या खात्यात आगाऊ भरावे आणि सोसायटीने ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावे. यांपैकी कशालाही नवे तंत्रज्ञान लागत नाही, आणि खर्च म्हणाल तर प्रवेशद्वाराशी लावलेल्या संगमरवराहून कमीच येईल.

आमच्या समोरच्या सोसायटीचेही काम सध्या सातव्या मजल्यावर आहे. तिथल्या कमिटीने मला बोलावले होते, म्हणून गेल्या मंगळवारी ओळंबा, पाणसळ आणि मोजपट्टी घेऊन सकाळी आठला गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने नम्रपणे सांगितले की सभासदांना सुरक्षेच्या कारणास्तव आत सोडत नाहीत, विकासकाचे पत्र आणावे लागेल. कमिटीने त्याच दिवशी अर्ज दिला असून उत्तराची वाट पाहत आहोत. स्लॅब येत्या शनिवारी ओतणार आहेत असे कळते.

आपला नम्र,
एक निवृत्त साइट सुपरवायझर
विक्रोळी (पूर्व), मुंबई